गादीच्या पोटात

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'गादी' या शब्दाला मोठा मान आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, सराफाची गादी! आपल्या इतिहासाच्या पेपरात तर निम्मे प्रश्न गादीसाठी झालेल्या भांडणांचेच असतात. परंतु ज्या साध्या वस्तूवरून हा शब्द सिंहासनापर्यंत पोचला, त्या कापूस भरून टाके घातलेल्या गादीच्या पोटात नेमके काय असते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. रंग आवडला, हाताला मऊ लागली, किंमत परवडली, की घेतली.

मलाही ही चौकशी करण्याचे काही कारण नव्हते. आमच्या घरी गादी एकच, आणि ती आजोबांची. बाकी सगळ्यांना आजीने शिवलेल्या गोधड्या. पण यंदा ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती आणि तिच्यासाठी व होणाऱ्या बाळासाठी गादी करायची हे आईने दिवाळीतच ठरवून टाकले. भाऊजींनी मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. "शंभर टक्के ऑरगॅनिक, नॉन-टॉक्सिक" अशी ती गादी होती आणि तिची किंमत बाबांच्या जवळजवळ दीड महिन्याच्या पगाराइतकी होती. बाबा काही बोलले नाहीत. "तू कॉलेजात शिकतेस, तूच बघ यात खरे किती आणि खोटे किती," एवढेच म्हणाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे असे काम अंगावर आले की टाळता येत नाही. महिनाभर ठाणे, कल्याण, उल्हासनगर या भागातल्या दुकानांत हिंडून, ग्रंथालयात बसून आणि एका पिंजाऱ्याचे डोके खाऊन जे कळले, ते येथे मांडते.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. 'ऑरगॅनिक' म्हणजे सेंद्रिय. शेतीच्या भाषेत सेंद्रिय म्हणजे रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पिकवलेले. रसायनशास्त्राच्या भाषेत मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. या दुसऱ्या अर्थाने पेट्रोल सेंद्रिय आहे, डांबर सेंद्रिय आहे आणि ज्या फोमच्या गादीला भिऊन लोक ऑरगॅनिक गादी शोधतात तो फोमही सेंद्रियच आहे! सायन्सच्या मित्राने हे सांगितले तेव्हा मला हसू आले. 'नॉन-टॉक्सिक' हा शब्द त्याहून निसरडा आहे. विष हे मात्रेवर ठरते. मीठसुद्धा अति खाल्ले तर मारक ठरते. तेव्हा नुसते 'विषमुक्त' म्हणून भागत नाही. कोणते द्रव्य, किती, कोणाच्या शरीरात आणि कोणत्या वाटेने जाणार, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला वजन नाही. यातला "कोणाच्या शरीरात" हा प्रश्न मी जाणूनबुजून अधोरेखित करते, कारण पुढचे सगळे त्यावरच फिरते.

आज दुकानात गेले की पहिल्यांदा पुढे येतो तो पॉलियुरेथेन फोम. ओटो बायर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला. पॉलिऑल नावाचा एक घट्ट द्रव आणि डायआयसोसायनेट गटातील दुसरे द्रव्य, बहुधा टोल्युइन डायआयसोसायनेट, यांची गाठ घालून देतात. त्यात थोडे पाणी असते. त्या पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भाकरी फुगावी तसे सगळे मिश्रण फुगते. 'आयसोसायनेट' हे नाव वाचून अंगावर काटा येतो, कारण २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुटला तो वायू याच कुळातला, मिथाइल आयसोसायनेट. पण कुळ एक म्हणून गुण एक असे होत नाही. फोम पूर्ण तयार झाला की त्यातले आयसोसायनेट क्रियेत जवळजवळ सगळे संपून जाते. नव्या फोमला जो वास येतो तो मागे राहिलेल्या इतर उडनशील द्रव्यांचा असतो. खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस गादी तशीच उघडी टाकली की तो बहुतांशी ओसरतो. मग आयसोसायनेटचा धोका कोणाला? जो कारखान्यात ते द्रव्य हाताळतो त्याला. त्याच्या वाफेने कामगारांना दमा जडतो ही वैद्यकशास्त्रात प्रस्थापित गोष्ट आहे. आपण डोंबिवलीकर २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट पाहिलेले लोक. २०२० च्या फेब्रुवारीत इथला रस्ता गुलाबी झाला होता तोही आपण पाहिला. रसायनाचा त्रास आधी कोणाला होतो हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको.

फोमविषयी आणखी एक भीती आहे ती आग रोखणाऱ्या द्रव्यांची. ही भीती मूळ अमेरिकेतली. कॅलिफोर्निया राज्याने १९७५ मध्ये असा नियम केला की बैठकीच्या सामानातील फोमने लहान ज्योत काही सेकंद सोसली पाहिजे. तो पाळण्यासाठी कारखानदारांनी फोममध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्ये घातली. ती पुढे घरातल्या धुळीत आणि आयांच्या दुधात सापडू लागली. त्यांपैकी एका गटावर २००९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली जागतिक बंदी आली आणि २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने तो नियमही बदलला. इंग्रजी जाहिरातींत 'नॉन-टॉक्सिक' गादीचा जो गजर चालतो त्यामागे हा इतिहास आहे. आपल्या दुकानदाराला मी याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, डेन्सिटी बत्तीस आहे." हे त्याचे उत्तर माझ्या प्रश्नाचे नव्हते, पण उपयोगाचे होते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोत वजन. आकडा जितका मोठा तितका फोम टिकाऊ. हलका फोम लवकर बसतो, त्याची भुकटी होते आणि दोन-तीन वर्षांत गादी कचऱ्यात जाते.

येथे थोडे विषयांतर करते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मी एका नव्या पलंगावर टाकलेल्या गादीचा वास घेत होते आणि डोळे चुरचुरू लागले. गादी बाजूला सरकवली तरी वास जाईना. तो वास खालच्या प्लायवूडचा होता! प्लाय आणि पार्टिकल बोर्ड चिकटवण्यासाठी जो स्वस्त डिंक वापरतात त्यात फॉर्मल्डिहाइड असते आणि ते महिनोन् महिने सुटत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. तेव्हा महागाची विषमुक्त गादी आणून ती स्वस्त प्लायच्या पेटीपलंगावर टाकणे म्हणजे गाळलेले पाणी गंजक्या हंड्यात भरण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे जुना लोखंडी किंवा सागवानी पलंग आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये.

काथ्याच्या आणि लेटेक्सच्या गाद्यांविषयी थोडक्यात सांगते. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, गंधकाच्या साहाय्याने तो पक्का करून कडक थर बनवतात. गादी टणक होते आणि हवा खेळती राहते. सुरुवातीला रबराचा वास येतो, पण तो काही दिवसांचाच. लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचाच फेस. १९२९ मध्ये डनलॉप कंपनीच्या लोकांनी तो प्रथम केला आणि त्यावरून आपल्याकडे कोणत्याही मऊ गादीला 'डनलॉप' म्हणायची चाल पडली. खरे नैसर्गिक लेटेक्स उत्तम असते आणि महाग असते. पण 'नॅचरल' लिहिलेल्या गादीत तेलापासून केलेले कृत्रिम रबरही मिसळलेले असू शकते. टक्केवारी विचारावी, सांगत नसतील तर पुढच्या दुकानात जावे. ज्याला रबराची ॲलर्जी आहे त्याने हा नादच सोडावा.

आता कापूस. इथे मला जरा जास्त वेळ थांबू द्या.

आमच्या भागातले पिंजारी चाचा उत्तर प्रदेशातून आलेले. त्यांचे वडील खांद्यावर धनुकली टाकून दारोदार फिरत. धनुकली म्हणजे लाकडी कमान आणि तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. त्या तातीवर लाकडी ठोकळ्याने आघात केला की 'टणत्कार' होतो आणि चिकटून बसलेला कापूस धुक्यासारखा वर उडतो. आमच्या पिढीने हा आवाज ऐकलेला नाही. आता सगळीकडे विजेवर चालणारे पिंजणयंत्र आहे. पिंजाऱ्यांना महाराष्ट्रात कोठे नद्दाफ म्हणतात, कोठे मन्सुरी. हे दुसरे नाव सूफी संत मन्सूर अल-हल्लाज याच्यावरून आले आहे. इ. स. ९२२ मध्ये बगदादला ज्याला देहदंड झाला तोच हा. 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी पिंजारी. तत्त्वज्ञानाच्या तासाला ज्याचे नाव ऐकले त्याचा धंदा मला गादीच्या दुकानात कळला.

चाचांनी माझ्यापुढे तीन ढीग केले. पहिला ढीग नव्या रुईचा. सरकी काढलेल्या कापसाला रुई म्हणतात. ही रुई मलईसारखी पिवळसर पांढरी होती आणि तिच्यात मधूनमधून पानांचा चुरा, सरकीची टरफले दिसत होती. दुसरा ढीग बगळ्यासारखा पांढराशुभ्र. मी साहजिकच त्याकडे हात नेला. चाचा हसले. "बेटी, इतका गोरा कापूस झाडाला लागत नाही. हा ब्लीच केलेला आहे, नाही तर यात पॉलिएस्टर आहे." तिसरा ढीग राखाडी. त्यात लाल, निळे, हिरवे तंतू. हा चिंध्यांचा. शिंप्यांच्या दुकानांतली आणि कपड्यांच्या कारखान्यांतली कात्रणे यंत्रात फाडून त्यांचा पुन्हा कापूस करतात. शेजारी भिवंडी असल्यावर चिंध्यांना काय तोटा! या तिसऱ्या मालाच्या गाद्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खपाच्या. चिंध्यांचा पुन्हा वापर होतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या कपड्यांवर कोणता रंग होता, सुरकुती न पडण्यासाठी कोणते द्रव्य चोपडले होते, त्यात किती नायलॉन आणि पॉलिएस्टर आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तान्ह्या बाळासाठी तो घेऊ नये, असे माझे मत झाले.

पॉलिएस्टर ओळखायची युक्ती चाचांनीच दाखवली. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून पेटवावेत. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि टाचणीच्या डोक्यासारखा टणक काळा मणी उरतो. दुकानदार हे करू देत नसेल तर समजून घ्यावे. अर्थात हा प्रयोग गाद्यांच्या ढिगाजवळ नव्हे, बाहेर रस्त्यावर करावा!

गादीला कोणती रुई चांगली? येथे आमचा सगळ्यांचा अंदाज उलटा असतो. लांब, तलम धाग्याचा कापूस शर्टाला चांगला. गादीला हवा आखूड, जाड, खरखरीत धाग्याचा देशी कापूस, कारण तो स्प्रिंगसारखा उसळतो, चटकन बसत नाही आणि पुन्हा पिंजला की पुन्हा फुलतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशातले बहुतेक कापसाचे शिवार अशा देशी जातींचे होते. गिरण्यांना लांब धागा हवा म्हणून पुढे तो मागे पडला. सावरीचा कापूस हे आणखी एक प्रकरण. मुरबाडच्या बाजूला माघ-फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली काटेसावर आपण सहलीत पाहतो. तिच्या बोंडातला कापूस रेशमासारखा गुळगुळीत असतो. सूत काततो म्हटले तर निसटतो, पण उशीला छान. मात्र गादीत तो लवकर दबतो, आणि ठिणगीने भुरकन पेटतो.

चाचांचे दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. यंत्र सुरू झाले की समोरचा माणूस दिसत नाही. भुवया, पापण्या, केस, सगळे पांढरे. तोंडावर गमछा बांधलेला, पण त्या गमछ्यातून धूळ जायची ती जातेच. ते पाहून मला आजोबांची आठवण झाली. आजोबा मुंबईत गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कार्डिंग म्हणजे पिंजणच, फक्त प्रचंड प्रमाणावर. १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि बिऱ्हाड डोंबिवलीला आले. पण छातीतली घरघर त्यांच्याबरोबर आली. ते सांगत की रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी खात्यात पाऊल टाकले की छाती आवळायची, आणि आठवडा पुढे सरकला की बरे वाटायचे. मला ती म्हाताऱ्या माणसाची कल्पना वाटे. ग्रंथालयात वाचले तेव्हा कळले की या रोगाला बिसिनोसिस असे नाव आहे, तो कापूस, अंबाडी, ताग यांच्या धुळीने होतो, आणि सोमवारी छाती आवळणे हेच त्याचे पहिले लक्षण म्हणून पुस्तकात दिले आहे. पुढे पुढे सगळेच वार सोमवार होतात. कापूस कितीही सेंद्रिय असला तरी त्याची धूळ फुप्फुसाला धूळच. त्या दीड महिन्याच्या पगाराच्या गादीच्या जाहिरातीत झोपणाऱ्या बाळाचा फोटो होता. पिंजणाऱ्याचा कसा असेल!

मी चाचांना मास्क नेऊन दिला. त्यांनी तो दोन दिवस लावला. तिसऱ्या दिवशी तो खिळ्याला टांगलेला होता. "चष्म्यावर वाफ येते, दाभण दिसत नाही," म्हणाले. मला वाटते एका मास्कने भागणार नाही. धूळ ओढून घेणारा पंखा यंत्राजवळच बसवला पाहिजे, आणि तो दोन गाद्यांच्या मजुरीत बसणारा नाही.

आता त्या 'सेंद्रिय' शब्दाकडे वळू. तो शब्द शेताविषयी बोलतो. आम्ही घेतली त्या मापाच्या, एका माणसाच्या गादीला दहा-बारा किलो रुई लागते. महाराष्ट्रात कोरडवाहू कापसाचे हेक्टरी उत्पन्न रुईच्या हिशेबात साधारण साडेतीनशे किलो धरले, तर एका गादीमागे तीन ते साडेतीन गुंठे शेत येते. म्हणजे आपण प्रत्येकजण रात्री विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या तीन गुंठ्यांवर झोपतो! त्या तीन गुंठ्यांत काय फवारले गेले, याचा आपल्या कातडीशी संबंध थोडा. बोंड फुटेपर्यंत तंतू आत झाकलेला असतो. पण फवारणाऱ्याशी त्याचा संबंध फार. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात पडले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवेत उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, आणि अंगावर सदरा. सेंद्रिय कापसाचे खरे महत्त्व मला येथे पटले. तो आपल्यापेक्षा फवारणाऱ्याला अधिक वाचवतो.

मग जास्त पैसे देऊन प्रमाणपत्राची गादी घ्यावी का? प्रमाणपत्रे एकसारखी नसतात. आपल्या केंद्र सरकारचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्यात शेताची तपासणी होते, जमीन रासायनिकाकडून सेंद्रियाकडे यायला काही वर्षांचा काळ द्यावा लागतो, आणि जनुकात बदल केलेले बियाणे चालत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातली बहुतेक कपाशी बीटी आहे. त्यामुळे सेंद्रिय शेतकऱ्याला साधे बियाणे मिळणे हेच एक दुखणे झाले आहे. शेतापासून कापडापर्यंतच्या सगळ्या वाटेसाठी 'गॉट्स' नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो, आणि बिनशर्त 'ऑरगॅनिक' म्हणवून घ्यायला ९५ टक्के. रंग, रसायने आणि कामगारांची वागणूक यांचेही नियम त्यात आहेत. १९९२ पासून चालणारे 'ओएको-टेक्स' मात्र वेगळे. ते तयार मालात घातक द्रव्ये किती उरली हे प्रयोगशाळेत पाहते. कापूस सेंद्रिय होता की नव्हता, हे ते 'स्टँडर्ड १००' सांगत नाही. म्हणजे एक शिक्का शेताचा आहे आणि दुसरा कातडीचा. दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतात.

आणि शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे दिवस नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतातून सुमारे २०,००० टन कापसासाठी बनावट कागदपत्रे तयार झाली होती. ११ कंपन्यांवर बंदी आली. फसवणूक पकडली गेली हे चांगलेच. पण जो शेतकरी खरोखर फवारणी सोडून कमी उत्पन्न सोसतो, त्याचा भाव अशा कागदी सेंद्रिय कापसाने पडतो, हे जास्त चीड आणणारे आहे. तेव्हा प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक मागावा, तो त्या संस्थेच्या यादीत पाहावा, आणि ते संपूर्ण गादीचे आहे की नुसत्या वरच्या खोळीचे, हे विचारावे. मी पाहिलेल्या दोन गाद्यांत 'ऑरगॅनिक कॉटन' होते ते फक्त खोळीत. आत फोम.

एवढे सगळे पाहून झाल्यावर मला जे सर्वांत घातक वाटते ते सांगायचे राहिलेच आहे. गादीतले सगळ्यात मोठे विष बहुधा आपणच, घरी आणल्यावर, स्वतःच्या हाताने घालतो. ते म्हणजे ढेकणांचे औषध. आपल्या चाळींतून आणि लोकलच्या बाकांतून ढेकणांचे येणेजाणे चालूच असते. मग कोणीतरी बाटली आणतो आणि गादीच्या शिवणीतून, टाक्यांतून फवारतो, आणि रात्री त्यावरच मुले झोपतात. डायक्लोरव्हॉस नावाचे औषध याच कामासाठी घरोघर असे. २०१८ च्या सरकारी आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आली. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. ढेकणांसाठी बंद घरात त्या ठेवल्याने झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. या गोळ्या कोणी कितीही खात्री देऊन दिल्या तरी घरात आणू नयेत. डांबरगोळ्यासुद्धा तान्ह्या बाळाच्या अंथरुणा-पांघरुणात नकोत. काही बाळांच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी असते, आणि डांबरगोळ्यांच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

ढेकूण साधारण ५० अंश उष्णतेला मरतो. उन्हात गादीचा वरचा थर तापतो, पण पोटापर्यंत ऊन पोचतेच असे नाही. म्हणून शिवणींवर कढत पाण्याची वाफ, खोळ उकळत्या पाण्यात, पलंगाच्या फटी बुजवणे, हे कष्टाचे उपाय केले तर औषधाची पाळी कमी येते. कापसाच्या गादीचा येथे एक मोठा फायदा आहे. ती उसवता येते! खोळ धुता येते, कापूस उन्हात पसरता येतो, दोन-तीन वर्षांनी पिंजून पुन्हा भरता येतो. फोमच्या गादीचे पोट असे उघडता येत नाही. तिचा तोटाही सांगितला पाहिजे. कापूस ओल धरतो. आपल्या ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात हवेतच इतके पाणी असते की गादी जड होते, कुबट होते, आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे त्या ओलीवर पोसतात. त्यांच्या विष्ठेने दमेकऱ्याला धाप लागते. ज्यांच्या घरी ऊन येत नाही आणि दम्याचा रोगी आहे, त्यांनी काथ्याची गादी आणि वर दर आठवड्याला गरम पाण्यात धुता येईल अशी गोधडी, हा विचार करावा. सगळ्यांना एकच गादी चांगली असे म्हणणे मला तरी पटत नाही.

आमचे ठरले ते असे. ताईला देशी नव्या रुईची गादी, अकरा किलोची. रुई सेंद्रिय नाही. चाचांना तशी कोठे मिळते हे ठाऊक नव्हते, आणि जेथे मिळत होती तेथे आमचा हात पोचत नव्हता. खोळीसाठी चट्ट्यापट्ट्यांचे रंगीत कापड न घेता कोरा मांजरपाट घेतला आणि खळ निघेपर्यंत आईने तो तीनदा धुतला. बाळाची गादुली पातळ आणि घट्ट भरायला सांगितली. तान्ह्या बाळाला मऊ, खोल दबणारी गादी धोक्याची, नाक दबू शकते, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. दुपटी आजीच्या आणि आईच्या जुन्या लुगड्यांची. आजीला विचारले की बाळाला जुनेच का, तर ती म्हणाली, "नवे बोचते." पन्नास वेळा धुतलेल्या कापडात खळ, कच्चा रंग आणि कारखान्यातली द्रव्ये उरलेली नसतात, असे मी तिला समजावून सांगितले. "तेच म्हणतेय मी," म्हणाली.

चाचांनी गादी भरताना मला समोर बसवून घेतले, हे मात्र प्रत्येकाने करावे. रुई डोळ्यांदेखत तोलावी, डोळ्यांदेखत पिंजावी आणि टाके पडेपर्यंत हलू नये. नाक-तोंड झाकून बसावे. मजुरीत घासाघीस करू नये.

राहिला उन्हाचा प्रश्न. आमच्या इमारतीची गच्ची कुलपात असते. बाबांनी सेक्रेटरींना गाठले. दर रविवारी सकाळी दहा ते एक किल्ली मिळेल असे कबूल झाले आहे. पाऊस लागल्यावर काय करायचे, यावर आई आणि आजी यांचे अजून एकमत झालेले नाही.